सैल पायांचा बाक

शुक्रवार, संध्याकाळ

रामदासपेठेतल्या ऑफिसात आज माझी मध्यस्थी मोडायलाच आली होती. मंडप-डेकोरेशनचे दोन भागीदार वेगळ्या खोल्यांत, वेगळं झाल्यावर फर्मचं नाव कोणाकडे राहणार यावर अडलेले. मी नुसती निरोप नेत होते. सारखा बाबांच्या कन्हानच्या चहाटपरीवरचा सैल पायांचा बाक आठवत होता. एक उठला की दुसरा पडायचा, म्हणून भांडलेल्यांना बाबा तिथेच बसवायचे. घरातली पहिली पदवी माझी, पण हे कुठे शिकवलं?

शेवटी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून चहा दिला. हा बाक भक्कम. तरी एक उठायला लागला तसा दुसरा म्हणाला, "बस नं गा, चहा तं संपू दे." तो बसला.

सोमवारी एकाच खोलीत बोलायला तयार आहेत दोघं.

बाबा असते तर म्हणाले असते, "पाह्यलं वं, काहून खिळा ठोकत नव्हतो मी त्या बाकाले?"