सकाळी काय खाल्लं?

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले बाप्पा आर्णीला एकदाची! पुण्याच्या कंपनीनं काढलं तेव्हा नागपुरात बाबांनी कपाळाला हात लावला होता. आता बघा म्हणावं, तुमच्या मितालीच्या हातात अख्खा स्टुडिओ आहे. मालक श्रीकृष्णसर, निवृत्त प्राध्यापक. तालुक्यातल्या माणसांच्या गोष्टींचा पॉडकास्ट काढायचा ध्यास घेतलाय. माइक, हेडफोन, पाहुणे सगळं मी बघायचं. स्टुडिओ म्हणजे खताच्या दुकानावरची खोली. आवाज घुमू नये म्हणून सरांच्या बायकोनं, कुंदाकाकूंनी, चारी भिंतींना आणि दाराला कापसाच्या गाद्या ठोकून घेतल्यात. नव्याकोऱ्या, भरगच्च. दार लावलं की खालचा ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत नाही. रात्री काकूंनी पाटवडीचा झणझणीत रस्सा पाठवला. मी जाम खूष आहे.

६ नोव्हेंबर
इथली माणसं माइक दिसला की भाषण ठोकतात. डोकं उठलं माझं! शेवटी जुनी युक्ती काढली. पाहुण्याला पाणी द्यायचं, माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद, बांगड्या काढायला लावायच्या. मग विचारायचं, सकाळी काय खाल्लं? आवाज तपासायला तेवढं पुरतं, आणि भाजी-पोळी सांगताना माणूस खऱ्या आवाजात बोलतो. मग म्हणायचं, घाबरू नका, हे रेकॉर्ड होत नाहीये, सहज बोलू. रेकॉर्डिंग अर्थात चालूच. मशीनच्या लाल दिव्यावर मी रुमाल टाकते. सरांना सांगितलं तर हसले, पोरगी पक्की आहे म्हणाले. आहेच.

१२ नोव्हेंबर
आज हंसाबाई आली. जवळच्या तांड्यावरची, सत्तरीची. होळीला बंजारा बाया लेंगी गातात, ती हिला शंभर तरी येतात. दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या काढायला साफ नाही म्हणाली. हात हलला की खळखळ. मी चिडले, पण करते काय?

सकाळी भाकर अन् ठेचा खाल्ला म्हणाली. मग गादीवरून हात फिरवत बसली. खरंच बंद आहे का, असं दोनदा विचारलं. मी शपथ घेतली. तेव्हा बोलली.

पस्तीस वर्षांपूर्वी घरात आढ्यापर्यंत कापूस भरला होता. धाकटी जाऊ बबिता तुडवायला वर चढली, ढीग खचला, ती आत गेली. आतून बाई, बाई अशी हाक येत होती. सकाळीच दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. मी भाकरी थापत राह्यली, म्हणाली. हाक थांबल्यावर उठली. बबिताचं तान्हं पोर, भारत, तिनंच पोटच्यासारखं वाढवलं. आता तोच तिला सांभाळतो. त्याले कळलं त मले कोणीच नाही उरत, म्हणाली. अन् हे मोठ्यानं बोललं त थे बबिता आयकते, म्हणून आजवर कोणाले सांगतलं नाही.

मी मान डोलावली. रुमालाखाली दिवा लागलेला होता.

१५ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. हंसाबाई बोलत असताना मागून कोणीतरी हाक मारतंय. दबलेली, गादीच्या आतून आल्यासारखी. बाई. बाई. दहादा ऐकलं.

सर म्हणाले, गाणी कोण ऐकतं, हाच तुकडा टाक. पुण्यात मी एकदा नाही म्हटलं होतं, नोकरी गेली. या वेळी नाही म्हटलं नाही. नाव घातलं नाही, पण तो आवाज सगळा तांडा ओळखतो हे मला ठाऊक होतं. सकाळी अकराला टाकला.

१७ नोव्हेंबर
अकरा हजार जणांनी ऐकलं. सर पेढे घेऊन आले. हंसाबाईचे सात फोन आले, आठवा उचलला. शिव्या देईल वाटलं होतं. काहून असं केलं माय, एवढंच म्हणाली. भारतनं बाजारात कोणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं. त्यानं तिची खाट उचलून कापसाच्या खोलीत टाकली. आतून बबिता हाका मारून राह्यली, मले इथून घेऊन जा, हंसाबाई म्हणाली. सरांना विचारते म्हटलं मी.

विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर
हंसाबाई गेली. भर दुपारी ढीग अंगावर आला. भारत पांढरकवड्याला गेलता. घरात कोणीच नव्हतं. घशापर्यंत कापूस होता म्हणतात.

बारा चाळीसला तिचा फोन आला होता. मी जेवत होते. उचलला नाही.

संध्याकाळी भारत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पाहुण्याच्या खुर्चीत बसला, हेडफोन लावून सगळं ऐकलं. जाताना विचारलं, शेवटी मोठी माय तुमाले आवाज देऊन राह्यली, तुमी काहून बोलत नाही?

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनं मला एकदाही हाक मारली नव्हती.

२१ नोव्हेंबर
तुकडा काढून टाकला. फाइल पुसली. पुन्हा आहे — तीच, आणि मोठी. काल एक्केचाळीस मिनिटं होती, आज तीन तास. त्यात खळखळ, आणि दोन आवाज. एक बाई म्हणतो. दुसरा मिताली.

सर पुसदला लेकीकडे गेलेत, फोन उचलत नाहीत. भैताड मेला!

गाद्या फुगल्यात. दाराजवळची शिवण उसवली —

२२, दुपार
सामान न्यायला आले. नुसतं सामान. आत आले, आता दार उघडत नाहीये — गादी फुगून दारात बसलीय —

ओरडले. खूप ओरडले. ट्रॅक्टरसुद्धा ऐकू येत नाही इथून. मीच लिहिलं होतं.

कापूस गुडघ्यापर्यंत. कुठून येतोय एवढा —

फोन कापसात कुठेतरी. वही हातात आहे म्हणून —

हेडफोन टेबलावर. त्यातून खळखळ. मग तिचा आवाज, अगदी मायेनं. सकारी काय खाल्लं माय?

पोहे, म्हटलं मी. का बोलले मी —

घाबरू नोको, म्हणते. हे रेकॉर्ड नाही होऊन राह्यलं. बोल.

रुमाल खाली पडलाय. दिवा लाल.

कापूस छातीशी. बोलते. बोलते ना! फोन वाजत होता हंसाबाई, तुमचं नाव दिसत होतं मला, मी फक्त हात धुऊन उचल