झाडाचे भाग, शेळीसकट

२० जून, सकाळी
उठल्या उठल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. एक नंबर ठणठणीत. दोन नंबरच्या काचेला ओरखडा, पण हसतमुख. तीनला अशक्तपणा, बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. चार कालपासून बोलत नव्हता. आवाज मीच बंद केलेला निघाला. पाच आणि सहा अजून झोपलेले.
शाळेचे हे सहा टॅबलेट माझ्याकडं चार्जिंगला असतात. शाळेतली लाईट लहरी, आणि माझ्याकडं लग्नातल्या माईकच्या धंद्यातला इन्व्हर्टर. शिवाय मी शाळेच्या समितीत शिक्षणतज्ज्ञ आहे. माझी शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं माझं मी शिकलो. म्हणून तज्ज्ञ.
शिवम्मा म्हणाली, शेळीची तब्येत कुणी विचारत न्हाय या घरात. बायकोला टेक्नॉलॉजीचं वारं लागलेलं नाही.

२३ जून
तिसरीच्या रुबिना मॅडमनी बोलावलं. परंड्याच्या, वयानं लहान, पण पोरांवर लई जीव. वर्षभर अर्ज करून करून त्यांनी टॅबलेट आणले. आता केंद्रप्रमुख साहेब सांगून गेलेत: जुलैअखेर येतो, पोरं नुसती चित्रं बघत बसलेली दिसली तर टॅबलेट शेजारच्या गावाला देतो, ते मागतायतच. मॅडमचा चेहरा उतरलेला. तिसरीतली निम्मी पोरं घरी कानडी बोलतात. ॲपमधली बाई “निरीक्षण करा” म्हणते आणि पोरं एकमेकांच्या तोंडाचं निरीक्षण करतात. मॅडम म्हणाल्या, आप्पा, इथला आवाज पाहिजे, घरातल्या बोलण्यातला. पुढं पोरांबद्दल काहीतरी म्हणत होत्या, पण तोवर मला काम समजलं होतं.
इथला आवाज म्हणजे कुणाचा? लोहारा तालुक्यातल्या लग्नांत नवरीच्या मामाला स्टेजवर कोण बोलवत आलंय?
संकल्प: रोज एक धडा रेकॉर्ड करणे. दिवाळीपर्यंत तिसरी संपवणे. मग चौथी. मग महाराष्ट्र.

२४ जून
रेकॉर्डिंग नाही. घसा तयार करण्यात दिवस गेला. आलं, मध, मौन.

२६ जून
“हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” एवढं झालं. पण काय खणखणीत.

२९ जून, दुपारी
पहिला धडा झाला. झाडाचे भाग. अंगणात जास्वंदीची कुंडी मांडली, पाटावर टॅबलेट. मूळ झालं, खोड झालं, मी पानावर आलो आणि शेळीही पानावर आली. मी ओरडलो. चुलीपासून शिवम्मा मलाच काहीबाही ओरडली. त्यात मला शिंक आली, तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लागावी तशी. एवढं सोडलं तर धडा अव्वल.
मधलं कापून टाकायचं आहे. कापायचं बटण सापडत नाही. उद्या सापडेल.

३ जुलै
कापायचं म्हणून दाबलं ते पाठवायचं बटण निघालं. धडा सगळ्या टॅबलेटवर गेला. हरकत नाही. पोरं आवाजाकडं बघतील, शेळीकडं कोण लक्ष देतंय.

८ जुलै
मुद्दाम शाळेत डोकावलो. अख्खा वर्ग टॅबलेटला कान लावून. माज नावाचा वांड पोरगा, तोसुद्धा धडा परत परत लावत होता. मॅडम मागं तोंडाला ओढणी लावून उभ्या, खांदे हलत होते. भरून आलं असणार. मला बघून पोरं उभी राहिली आणि शिंकली. सर्दीची साथ दिसते.

१५ जुलै
दुसऱ्या धड्याचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, सध्या तुम्ही फक्त चार्जिंग बघा, आम्ही त्याच धड्यावर काम करतोय. एवढा खोल गेला म्हणायचा. पण पोरं भलतंच करतायत. शाळेमागं एका रोपाची पानं तोडलीत, दुसरं मुळासकट उपटलंय. रोज टॅबलेटवर फोटो काढतात आणि काय झालं ते आपल्याच तोंडानं त्यात बोलून ठेवतात. मी मॅडमना समजावलं, धडा ऐकायचा असतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं. त्या “बरं आप्पा” म्हणाल्या. ऐकणारी माणसं मला आवडतात.

२८ जुलै
साहेब आले. मी इस्त्रीच्या शर्टात, पुढच्या खुर्चीत. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या करिश्माला झाडाचे भाग सांगायला लावले. ती उठली, घसा खाकरला, थेट माझ्यासारखा.
“बालमित्रांनो, हे मूळ, हे खोड, हे पान, अगं शिवम्मा, शेळीनं पान खाल्लं की.”
लगेच सगळा वर्ग एका सुरात: “पानच खाल्लंय न्हवं? मूळ हाय जाग्यावर. मूळ पाणी पाजतंय, पान पुन्हा येतंय. वरडू नगा.”
आणि सगळे मिळून शिंकले.
साहेबांनी चष्मा काढला. मॅडम पांढऱ्या पडल्या. मी फरशी बघत होतो. गेले टॅबलेट, आणि माझ्यामुळं गेले, असं एक क्षण वाटूनही गेलं.
साहेबांनी विचारलं, “आणि शेळीनं मूळच खाल्लं तर?”
हे धड्यात नव्हतं. मी माजला गप्प बसायची खूण केली. त्यानं टॅबलेट उचलून साहेबांपुढं धरला. पानं तोडलेलं रोप, त्याला नवा कोंब. उपटलेलं रोप, वाळून काडी. आणि त्यात त्याचाच आवाज, अर्धा कानडी, अर्धा मराठी. शेवटचं तेवढं सगळ्यांना कळलं: “मूळ गेलं तर शिवम्माआजी बी काय करू शकत न्हाय.”
साहेब किती तरी वेळ हसत राहिले. मग म्हणाले, टॅबलेट इथंच राहू द्या, शेजारच्या गावाचं मी बघतो. मॅडम पोरांच्या बाकावर बसूनच राहिल्या, डोळे पुसत.
जाताना साहेब म्हणाले, त्या धड्यातला आवाज फार गोड आहे, कुणाचा? मी उभा राहिलो. कॉलर नीट केली.
साहेब म्हणाले, “तुमचा नाही हो. त्या बाईंचा.”

२ ऑगस्ट
शिवम्माचा धडा आज रेकॉर्ड झाला. भाकरी का फुगते. एका दमात. शेळीला बोलावलं होतं. मला लांब उभं राहून शिंक धरून ठेवायचं काम होतं. ते मी उत्तम पार पाडलं. आता तिला कुणी घरकाम सांगायचं नाही, घसा जपायचा, असं तिनंच सांगितलं. टॅबलेट चार्जिंगला लावतो तसा चहाही आता मीच ठेवतो.
संध्याकाळी मॅडमना मेसेज टाकला:
“मॅडम, नमस्कार. पुढच्या धड्यात कोंबडा आहे असं घरातून कळलं. त्याचा आवाज अजून कुणाला दिला नसेल तर मी मोकळा आहे. घसा तयार आहे. उत्तर लवकर धाडा, मी फोन हातातच घेऊन बसलोय. आपला, वीरप्पा, शिक्षणतज्ज्ञ.”