बाहेरचे उपचार, दर बुधवारी

आई, तुला बाहेरचं लागलंय असं आपल्या घरात सगळेच धरून चालायचे. तिन्हीसांजेला अण्णा दाराला आतून कडी घालायचे, आत्या खिडकीच्या गजाला काळा दोरा बांधायची, आणि तू स्टोव्हशेजारी भिंतीकडे तोंड करून बसलेली असायचीस. भुताला बाहेरचं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बाहेर जे जे असतं, लिंबाचं झाड, चिमण्या, गल्लीतला उजेड, त्यातलंच काहीतरी तुझ्या अंगात शिरलंय आणि ते निसटू नये म्हणून ही कडी. अण्णा वाईट नव्हते, घाबरलेले होते. डोक्याचे डॉक्टर सोलापुरात तेव्हाही होते, पण ते पैसेवाल्यांचे, आणि एकदा तिथे पायरी चढली की वेडी हा शिक्का जन्माचा.

फक्त हुरड्याच्या दिवसांत मामा तुला न्यायला यायचा. आजही डोळे मिटले की मी मंगळवेढ्याच्या त्या काळ्या रानात असते. ज्वारी तुझ्या डोक्याच्याही वर गेलेली आहे. तू पुढे शिरतेस आणि दिसेनाशी होतेस, नुसत्या बांगड्या वाजत राहतात, मी त्या आवाजामागे चालते. कणसांतून वारा जातो तेव्हा सगळं रान एका बाजूला कलतं आणि सावकाश परत येतं. बांधावर तू पाय पसरून बसतेस, गरम हुरडा तळहातावर चोळतेस, फुंकर मारून मला देतेस आणि म्हणतेस, "हितं कुणी कडी लावत न्हाय बघ." त्या दिवसांत तू भरभरून बोलायचीस, दुपारी बोरीखाली गाढ झोपायचीस. मग परतीच्या एस.टी.त सोलापूर जवळ आलं की तुझं बोलणं आटत जायचं. पुढे मामा वारला, रान वाटणीत गेलं, तुझं जाणं थांबलं. त्याच कडी घातलेल्या खोलीत तू गेलीस, कायमची. मला तेव्हा फार राग आला होता, पण कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

आता मी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या खोलीत बसते. डॉक्टर गोळ्या देतात, मी ऐकून घेते. विड्या वळणाऱ्या येतात, यंत्रमागाच्या खडखडाटात लेकरं वाढवणाऱ्या येतात. एका खोलीत सहा-सात माणसं, रडायलासुद्धा कोपरा नाही. अशा बाईला हवापालट करा म्हणून कोण सांगणार? हवापालट हा शब्दच मुळी ज्यांच्याकडे दुसरी हवा आहे त्यांचा. ज्यांची शेतघरं आहेत ते मन थकलं की तिकडे जातात, आणि आमच्या बायका जातात ते पाण्याच्या नळापर्यंत. मला याची चीड येते, आणि चीड आली की मी कुणाच्या तरी मागे लागते. डॉक्टरांच्या मागे लागले, रोपवाटिकेच्या साहेबांच्या मागे लागले, आणि शेवटी रोपवाटिकेत बायकांना बसायला आठवड्यातली एक सकाळ मिळाली. बायका चिंचेच्या सावलीत बसतात, पिशव्यांत माती भरतात, बिया टोचतात. वाटलं तर बोलतात, नाहीतर नाही. गोळ्या चालूच असतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण काहींना झोप लागायला लागली आहे.

सुरुवातीला मी मोठ्या हौसेने दवाखान्यातल्या खोलीच्या दारावर पाटी लावली, 'बाहेरचे उपचार, दर बुधवारी'. पहिल्याच बुधवारी निम्मी रांग लिंबू-नारळ घेऊन उभी. डॉक्टर हसून हसून बेजार झाले. तुझ्या लेकीला तरी हे कळायला हवं होतं, नाही का?

त्या रांगेत एक सासू होती. सोबत सून, बाळंत झाल्यापासून बोलणंच सोडलेली. "बाई, बाहेरचं उतरून देता न्हवं तुमी?" तिनं विचारलं. मी समजावलं, डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. पण रोपवाटिकेचं नाव काढलं आणि म्हातारी उठूनच उभी राहिली. "बाहेरचं लागलेल्या पोरीला चिंचंखाली नेता व्हय? घरातनं हलवायची न्हाय म्हणून आमी दाराला कुलूप लावतोय." सून खाली मान घालून बोटांची नखं बघत होती. ती कुलपाआड काय होऊन बसणार ते मला दिसत होतं, आई. मी ते एकदा बघितलेलं आहे.

मी म्हातारीचा हात धरला. म्हटलं, माझ्या आईलाही असंच होतं.

ती थबकली. "मग? रानात नेल्यावर सुधारली?"

"सुधारली की."

"पार बरी झाली?"

"पार."

काल ती सुनेला घेऊन आली. बराच वेळ पोरीनं हात मातीत नुसता ठेवला होता, मग मूठभर माती उचलून पिशवीत टाकली, परत उचलली, परत टाकली. ऊन पानांतून तिच्या पाठीवर हलत होतं. मी बघत राहिले आणि मधेच ती पाठ मला तुझी वाटली. सासू चिंचेपासून चार हात लांब, उन्हातच बसून होती. निघताना माझ्याजवळ आली.

"तुमची आई असती कुटं आता?"

"माझ्याकडंच."

"एकदा घिऊन या की हितं. हिला बी धीर यील, आन मला बी."

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून तुला सांगून टाकते. पुढच्या बुधवारी आणते, असं मी तिला म्हणून बसले आहे.