मोनालीच्या कपाटाचा बार झाला त्याची हकीकत

सौंसर, रविवार

प्रिय पुष्पाताईस,

मंगलाचा मनापासून जयभीम. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींची शुगर उतरली काय? (डॉक्टरनं बंद करायला सांगितलेल्या दोन वस्तूंपैकी निदान जिलेबी तरी त्यांनी बंद केली असेल. दुसरीचं नाव पत्रात कशाला.) इकडे मामाजी ठणठणीत आहेत, मोनालीचा छिंदवाड्याहून रोज फोन येते, संत्रा यंदा बरा लागला. म्हणजे सगळं खुशाल आहे. फक्त घरात बार उघडला.

हे फोनवरच सांगितलं असतं. पण आमच्याकडे मोनालीचे पप्पा कान देऊन बसतात आणि तुमच्याकडे भाऊजी फोन स्पीकरवर टाकतात. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवून राहिले.

त्याचं असं झालं, यांच्या ऑफिसात इंदूरकडचे नवीन साहेब आले. आल्याबरोबर त्यांनी बदल्यांचा धडाका लावला, आणि यांचं नाव पार तिकडे मंडल्याच्या बाजूला जाणार अशी बातमी फुटली. मामाजींना या वयात सोडून कुठं जायचं, या काळजीनं घरात कोणाला जेवण गोड लागेना. तेवढ्यात ऑफिसातल्या कोण्या शहाण्यानं यांना गुरुमंत्र दिला की साहेब शौकीन आहेत, पण हॉटेलात बसले तर लोक पाहतात, त्यांना घरी बसवा. आता मोनालीच्या पप्पांचा स्वभाव तुला माहीत आहे. खोकल्याचं औषध घेतलं तरी हा माणूस भिंत धरून चालते. पण बदलीच्या भीतीनं त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा पोरगा पुस्तकाच्या रॅकचा बार करते, आणि त्याची बायको टाळ्या वाजवते. (ती बायको कुठली आहे, मला तिला भेटायचं आहे.)

बळी गेला मोनालीच्या कपाटाचा. तेच, चौकोनी खणांचं, खोक्यावर खोके रचल्यासारखं. तिची नर्सिंगची पुस्तकं गव्हाच्या कोठीवर गेली. खणांत प्लायवूडच्या फुल्या ठोकल्या, बाटल्या आडव्या निजवायला. वरच्या फळीला ग्लास उलटे टांगले, वटवाघळासारखे. निळ्या लाइटची पट्टी लावली, तर संध्याकाळी शेतातले सगळे किडे आमच्याकडेच मुक्कामाला. मामाजी म्हणाले, "गजेंद्र, या घरात पंचशील म्हणतो आपण." हे म्हणाले, "बाबा, हे फर्निचर हाय." मामाजी म्हणाले, "फर्निचरले बाटली कायले लागते बे?" यावर व्हिडिओत उत्तर नव्हतं.

शेवटी खाली चाकं बसवली. आमच्या फरशीला मोरीकडे उतार आहे हे यांच्या ध्यानातच नाही. हात सोडल्याबरोबर बार आपला आपण मोरीकडे निघाला. मला तरी त्याची अक्कल बरोबर वाटली. मग चाकाखाली वीट लावली.

आठ दिवसांमागं, शनिवारी संध्याकाळी साहेब येणार होते. मी भांडले असते तर उद्या बदलीचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. पण मामाजींसमोर घरात दारू वाहू देणं माझ्यानं होणार नव्हतं. हे समोसे आणायला गेले तशी मी यांनी आणलेल्या एकुलत्या बाटलीतला माल काढून घेतला आणि त्यात काळा चहा भरला, गाळून, थंड करून. बाटली धुतली नाही, वास राहू दिला. सील यांनी सकाळीच तोडलं होतं, साहेबासमोर झाकण निघालं नाही तर इज्जत जाईल म्हणून. यांनाही मी काही सांगितलं नाही. यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, चेहऱ्यावर छापून येते.

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. मग म्हणाले, "गजेंद्र जी, असली चीज़! धुएँ की खुशबू देख रहे हो?" (खुशबू खरी होती. चहाचं भांडं करपलं होतं.) साहेबांच्या आग्रहापायी यांनीही ग्लास रिकामा केला, मग दुसरा, आणि ताई, यांना चढली! चहा चढला! ज्या माणसानं उभ्या नोकरीत 'जी साहब' सोडून तिसरा शब्द काढला नाही, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहब, आप फाइल पढते नहीं, सिर्फ साइन करते. पूरा ऑफिस हँसता है. और आपके साले का ठेका सबको मालूम है."

आणि नेमके तेव्हाच मामाजी आतून ओरडले, "मंगला, मघाशी एवढा चहा उकळून राहिली होती, मले कप नाही काय?"

मी मेलेच होते. पण साहेबांचं तिकडे ध्यान नव्हतं. ते रडून राहिले होते! म्हणे सगळं साला करते, बदनामी माझी होते, आणि बायकोसमोर माझी जीभ उचलत नाही. हे म्हणाले, "साहब, मेरी भी नहीं उचलती." (हे मी ऐकलं आहे आणि ठेवून दिलं आहे.) दोघं बाराला टेकून गळ्यात गळा घालून रडले. त्या वजनानं वीट सरकली आणि बार त्यांना घेऊन थेट मोरीच्या दारापर्यंत गेला. साहेब म्हणाले, "आज ज़्यादा हो गई."

सोमवारी हे राखेसारखं तोंड घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी केबिनचं दार लावलं आणि हळूच विचारलं, "उस दिन मैंने कुछ कहा था क्या?" यांनी तेच विचारायला तोंड उघडलं होतं. बदली रद्द झाली. आता साहेब फाइल वाचतात म्हणे, निदान पानं तरी उलटतात.

आणि मोनालीचे पप्पा? छाती काढून चालून राहिले. परवा दुकानदाराला सडकी भाजी परत केली, तीही न पिता. कधीकधी वाटते, सांगून टाकावं की हे सगळं चहापत्तीवर झालं. पण संसारात पहिल्यांदा माणूस ताठ उभा आहे. बसवायला जीव होत नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
मंगला

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. बार पाहायला यांनी पुढच्या रविवारी भाऊजींना बोलावलं आहे. भाऊजी म्हणजे जाणकार माणूस, एका घोटात सगळं उघडं पडेल. तू काहीही कर, कंबर धरून निजून राहा, पण त्यांना नागपूरच्या बाहेर निघू देऊ नको.

आणखी ता. क. : नाहीच ऐकलं तर त्यांच्या कानात सांग, ग्लासात काय आहे ते विचारायचं नाही, डोळे मिटून 'वाह' म्हणायचं. खरा माल मी फेकला नाही, बरणीत भरून तिळाच्या डब्यामागं ठेवला आहे. जाताना त्यांच्या पिशवीत संत्र्यांखाली घालून देईन. बरणी जराशी उणी भरेल. का, ते भाऊजींनी विचारू नये. तूही नको.