वाकलेलं डोकं

स्लाऊ, इंग्लंड, फेब्रुवारी २००६

बाबा,

'तीर्थरूप' लिहिणार नाही. नमस्कारही नाही.

सुंगमिन माझा नुसता फ्लॅटमेट नाही, हे तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा ती छोटी कोरियन फिल्म लावली. तुम्हाला सबटायटल्स दिसेनात, तेव्हा मी मराठीत सांगत गेलो. पडद्यावरचा मुलगा वडिलांना म्हणाला, "माझं याच्यावर प्रेम आहे." मी टीव्ही बंद केला, सुंगमिनचा हात धरला आणि तेच वाक्य तुम्हाला म्हणालो.

तुम्ही काठी उचललीत. तुम्ही बर्फावर घसरू नये म्हणून मीच आणलेली. मोठी माणसं चिडली की पाया पडावं, हेही त्याला मीच शिकवलेलं. तो वाकला. तुम्ही त्या वाकलेल्या डोक्यात काठी घातलीत, तो पडल्यावरही मारत राहिलात. मी भिंतीवरचं रक्त पुसत होतो तेव्हा तुम्ही विमानात बसला होतात.

त्याचा डावा डोळा गेला. हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर मागोमाग मीच येईन, तीच काठी घेऊन, आणि आईसमोर तुमचं डोकं फोडीन.

काल तो पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, "अनिश, पाया पडताना माझं काही चुकलं का?"

नुसता,
अनिश