मामाचा कॉम्प्युटर विकण्याबाबत

तीर्थरूप मामाच्या चरणी भाच्याचा दंडवत (मनातल्या मनात, प्रत्यक्षात वाकलो तर कंबर तिथेच राहते),

तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला फोन करावा, तर तू उचलत नाहीस. मामी गेल्यापासून तू कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणजे माझ्यावर खास राग नसावा, अशी मी माझी समजूत काढतो. मागच्या महिन्यात मुद्दाम येऊन बेल वाजवली, तर आतून "मी झोपलोय" असं खणखणीत आवाजात सांगितलंस. झोपलेल्या माणसाशी वाद कसा घालणार? आल्या पावली जिना उतरलो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बाकी आमच्याकडे सगळं ठीक आहे, हिचे गुडघे आणि माझं डोकं सोडून. (त्यातलं डोकं तुला पहिल्यापासून माहीत आहे.)

पत्रास कारण असं की, मी शाळेत असताना तू मला दिलेला कॉम्प्युटर विकायचं चाललंय. "चाललंय" एवढंच लिहितो, कारण विकतोय म्हणायला जीभ रेटत नाही आणि विकत नाही म्हणायची छाती होत नाही. हिने पडदे शिवून द्यायचं काम घेतलंय, आणि पडदा सपाट पसरेल असं टेबल घरात एकच, तुझ्या कॉम्प्युटरखालचं. ही म्हणाली, "मला टेबल हवंय. वरच्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." लग्न झाल्यापासून या घरात मला ठरवायला मिळालेली ही पहिलीच गोष्ट, आणि नेमकी तीच मला ठरवता येत नाही.

तरी जाहिरात टाकली. "उत्तम चालू स्थितीत" असं लिहिलं आणि लगेच वाटलं, घेणाऱ्याची फसवणूक नको. म्हणून पुढे लिहिलं, की स्पेसबार डावीकडूनच दाबावा लागतो, जोडायला जुनाच टीव्ही लागतो, आणि कॅसेटवरून गेम चढेपर्यंत खोलीत कुणी चालायचं नाही, कारण धक्का लागला की वायर निसटते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हिने वाचलं आणि म्हणाली, "विकताय की लोकांना पळवून लावताय?" त्यानंतरचा माझा दिनक्रम असा: सकाळी जाहिरात टाकायची, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवता बसवता कासावीस व्हायचं (परवा एका बाईंना त्यांच्या यजमानांचा चष्मा दिला, आणि त्यांना तोच बरा वाटला), दुपारी जाहिरात काढून टाकायची, आणि जेवताना हिचं तोंड बघून पुन्हा टाकायची.

अशातही एक गिऱ्हाईक आलंच. दातांचे डॉक्टर. जुनी यंत्रं जमवायचा त्यांना नाद. आल्या आल्या त्यांनी मान तिरकी करून एकेक बटण असं तपासलं, की कीड सापडली तर तिथेच उपटतील असं वाटलं. वस्तूची तारीफ करायची सोडून मीच त्यांची उलटतपासणी सुरू केली. खोलीत ऊन येतं का? घरात मांजर आहे का? टेबलाशी बसून चहा प्यायची कुणाला सवय? सगळी उत्तरं त्यांनी चोख दिली. माणूस सज्जन निघाला, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली. जरा आगाऊ असता तर हाकलून मोकळा झालो असतो.

मग ते म्हणाले, चालवून दाखवा. आणि तिथे घात झाला. मला मदत म्हणून हिने आदल्या दिवशी सगळं स्पिरिटने लख्ख पुसून ठेवलं होतं. गेमची कॅसेट वाजवायचा टेपरेकॉर्डरसुद्धा. तुला आठवतंय ना, त्याचा आवाज केसभर जास्त झाला तरी गेम चढायचा नाही, केसभर कमी झाला तरी नाही. आणि त्यावरून आपण मामा-भाचे हमरीतुमरीवर यायचो. शेवटी कंटाळून मामीने बटणाशेजारी तिच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि म्हणाली, "इथे लावा आणि जेवायला या." त्यानंतर आपण कधी डोकं चालवलंच नाही. आता तो ठिपका नाही. हिला डाग वाटला. तिची काय चूक? कुणालाही वाटला असता. (मी तिला एक शब्द बोललो नाही. म्हणून ती रडली.) पण खरं सांगतो मामा, ती मोकळी जागा बघितली आणि मामी आता खरंच गेली, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बराच वेळ मी बटण इकडून तिकडे फिरवत होतो. टेप नुसता किंचाळत होता. हलू नका म्हटल्यामुळे डॉक्टर हातात बॅग घेऊन भिंतीला चिकटून उभे, आणि तिकडे दवाखान्यात त्यांचे पेशंट ताटकळत. अखेर ते म्हणाले, "बंद असला तरी घेतो हो. काचेच्या कपाटातच तर ठेवायचाय." मी टेप बंद केला. म्हटलं, मामांना विचारावं लागेल. ते म्हणाले, "मग विचारा की. कुठे असतात मामा?" मी म्हटलं, झोपलेत.

तर विकू की नको, ते स्पष्ट कळव. डॉक्टर थांबायला तयार आहेत. ही तूर्त पलंगावर पडदे शिवते, आणि टाचण्या मला कुठे कुठे टोचतात ते वडीलधाऱ्यांना लिहिणं बरं दिसत नाही. तू म्हणशील तसं करीन.

तुझा, नुसता वयानेच वाढलेला,
भाचा

ता. क. सल्ला पाठवू नकोस. डॉक्टरांना नाही म्हणून आलो. नुसतं नाही म्हणून उठणं बरं दिसेना, म्हणून एक दाढ काढून घेतली. तशी ती दुखत नव्हती.

ता. क. २. कॉम्प्युटर आणि टेपरेकॉर्डर खोक्यात भरून तुझ्याकडे पाठवतोय. जुना टीव्ही तुझ्याकडे आहेच. ठिपका कुठे होता ते मला आठवत नाही, तुझ्या बोटांना आठवेल. टेबल मोकळं झालं, तर ही खूश होईल असं वाटलं होतं. पण ती त्यावर पडदा पसरून नुसती उभी होती. म्हणाली, "मामांना म्हणावं, चुकून पुसलं." आणि खोक्यात लाल नेलपॉलिशची नवी बाटली ठेवली.

ता. क. ३. पाठवतोय असं वर लिहिलं खरं, पण खोकं दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर झाला नाही, आणि पत्र टपालात टाकायचाही नाही. एवढं तुझ्या जिन्यात, खोकं शेजारी ठेवून, बसून लिहितोय. लिहून झालं की दाराखालून आत सरकवीन. बेल वाजवणार नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई मघापासून विचारताहेत, कुणाकडे आलात, घरात कुणी नाही का? मी म्हटलं, आहेत, माझे मामा आहेत. मामा, दार उघड.