बावीस फेब्रुवारीची ओळ

विद्यानगर, हैदराबाद
२० जुलै २०२५, रविवार

प्रिय गौतम,

जय भीम. सात वर्षं आपण एका गाडीतून कचेरीला गेलो, आणि रोज सकाळी तू मला 'नमस्कार' म्हणायचास, माझ्या सोयीने. तुझ्या घरी काय म्हणतात हे मला ठाऊक होतं. माझ्या जिभेला तेवढे कष्ट झाले नाहीत. इतर बाबतीत ती जीभ किती चालते हे तू जाणतोसच.

तू बरा असशील. तुझ्या आईचे, कोंडाबाईंचे, गुडघे कसे आहेत? अमीरपेटच्या एका क्लासच्या पाटीवर तुझं नाव वाचलं. 'सॉफ्टवेअर टेस्टिंग, नव्वद दिवसांत.' सिग्नल सुटला तरी मी वाचतच होतो, मागचा ऑटोवाला ओरडला, "ओ चचा, सोने का है तो घर जाओ!" तुझ्याकडचे शिकाऊ नशीबवान आहेत. आमच्याकडे नव्वद महिन्यांतही काही जणांना जमलेलं नाही, त्यातले दोघे उपाध्यक्ष झाले.

इकडे सगळं ठीक. त्रिवेणीने पोळ्या सोडून ज्वारीची भाकरी धरली आहे आणि मलाही धरायला लावली आहे. आमच्या लेकीला, रेणूला, मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हे पत्र टेबलावर उघडं ठेवलं तरी चालतं. मातृभाषेचा एवढाच उपयोग आमच्या घरात उरला आहे. फोन तू उचलत नाहीस. नकोच उचलू.

बातमी अशी की आमच्याकडे नवीन यंत्रणा आली. तू हसशील. दर दोन वर्षांनी एक येते, तिच्यासोबत केक येतो, आणि केक संपला की तीही संपते. मी याही वेळी मागच्या खुर्चीवर बसून टोमणे तयार ठेवले होते.

प्रणिता नावाची मुलगी आमची नवी टीम लीड आहे. नांदेडकडची, पण जन्म इथला. तिने भिंतीवरच्या पडद्यावर एक वाक्य उघडलं. एका दवाखान्यातल्या नर्सने मागितलेलं साधं वाक्य: 'औषधाच्या चिठ्ठीवर रुग्णाचं वजन ठळक दिसावं.' तिने त्यावर बोट ठेवलं आणि ते वाक्य उलगडत गेलं, गौतम. ते कुणी मागितलं, कधी. त्यासाठी कोड कुणी लिहिला, त्यातल्या नेमक्या कोणत्या ओळी. त्या कुणी तपासल्या, काय बिघडलं, कुणी सुधारलं. मग ते कोणत्या दवाखान्यांत पोचलं. त्र्याण्णव दवाखाने. एका बाईच्या तोंडच्या वाक्यापासून त्र्याण्णव ठिकाणच्या चिठ्ठ्यांपर्यंत एक धागा, कुठेही न तुटलेला.

तयार ठेवलेला एकही टोमणा मी मारला नाही. त्रिवेणीने हे पाहिलं असतं तर पेढे वाटले असते.

आपण कसं काम करायचो आठव. मागण्या कुणाच्या तरी ईमेलमध्ये, कोड दुसऱ्याच मजल्यावर, आणि तुम्ही सात टेस्टर, प्रत्येकाची वेगळी एक्सेल शीट. दर गुरुवारी मी त्या साती शीट एकत्र करून 'मास्टर' बनवायचो. मग माझा तो नियम: मास्टर झाली की आपापली प्रत पुसून टाका, सत्य एकच असलं पाहिजे. किती थाटात सांगायचो! जणू सत्य माझ्याच लॅपटॉपमध्ये भाड्याने राहत होतं. वीस वर्षं मी ज्याला टीम म्हणत होतो ती आंधळ्यांची रांग होती, आणि पुढच्या आंधळ्याला मॅनेजर म्हणत. हे मला त्या पडद्यासमोर उभं राहून कळलं. देवळात फारसं न गेलेला माणूस मी, पण हात आपोआप जोडले जातात तसं काहीतरी झालं.

प्रणिताने गेल्या महिन्यात सर्व्हरचे जुने बॅकअप त्या नव्या यंत्रणेत ओतले. पुसलेल्या शीटसुद्धा. सर्व्हर माझे नियम पाळत नव्हता. मंगळवारी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, हे गौतम कोण? यांनी तर पहलेच लिहून ठेवलंय."

पडद्यावर, वजनाच्या त्याच वाक्याखाली, तुझी ओळ होती. २२ फेब्रुवारी २०१८, गुरुवार. 'मागच्या पानावर गेल्यास आधीच्या रुग्णाचं वजन तसंच राहतं. आईच्या नंतर बाळाची नोंद केल्यास बाळाला आईचं वजन लागतं.' पुढे गंभीरतेचा रकाना रिकामा. शेरा: 'डॉक्टरांना विचारून भरतो.'

तुझा स्वभावच तो. न विचारता काही भरायचं नाही. आणि मी त्या गुरुवारी 'गंभीर' आणि 'मध्यम' एवढ्याच ओळी दिसतील असं फिल्टर लावून शीट उचलली होती. रिकामा रकाना असलेली ओळ दिसलीच नाही. ती मास्टरमध्ये आली नाही. चारच दिवसांनी आपण सॉफ्टवेअर दवाखान्यांना दिलं.

पुढचं तुला माहीत आहे. चार दिवसांच्या बाळाच्या नावाने बाईमाणसाचा डोस छापून आला. तिथल्या नर्सबाईंनी चष्मा पुसून चिठ्ठी पुन्हा वाचली, म्हणून बाळ वाचलं. मग ती मीटिंग. तू उभा राहून म्हणालास, "सर, मी लिहिलं होतं." आपले वरचे साहेब, प्रतापराव, म्हणाले, "दाखवा." मास्टरमध्ये ओळ नव्हती, आणि स्वतःची प्रत तू माझ्या नियमाप्रमाणे पुसली होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याची बाटली उघडत होतो. प्रतापराव म्हणाले, "अशांना घेतलं की असंच होतं." अशांना म्हणजे कुणाला, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मलाही.

इथवरचं तुला कदाचित अंदाजाने ठाऊक असेल: या हर्षवर्धनच्या हातून ओळ सुटली, त्याला पत्ता नव्हता, बिचारा. गेली सात वर्षं मी लोकांना, आणि आरशालाही, हेच सांगत आलो. या पत्रातही दोन पानं तेच चालवलं.

ती यंत्रणा फाइल कुणी कधी उघडली तेही दाखवते. प्रणिताने खाली सरकवलं. तुझ्या शीटखाली एक नाव होतं. माझं. १२ मार्च २०१८, सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

मीटिंग शुक्रवारची. शनिवार-रविवार मला चैन पडलं नाही म्हणून सोमवारी मी सर्व्हरवाल्याकडून ती पुसलेली शीट परत मागवली. उघडली. तुझी ओळ वाचली. दोनदा. मग बंद केली. तुझा राजीनामा बुधवारी घेतला गेला. मधे दोन दिवस होते. एक ईमेल पुरली असती. पण त्याच आठवड्यात माझं नाव डिलिव्हरी मॅनेजरसाठी वर गेलं होतं, आणि 'अशांना' हा शब्द माझ्याबद्दल नव्हता, म्हणजे माझ्या सोयीचा होता. तुझ्या फाइलवर 'कामात हयगय' लिहिलं गेलं, त्याखाली सही माझी आहे. तो शेरा वाचून तुला तीन कंपन्यांनी परत पाठवलं, हे मला चौथ्या कंपनीतल्या माणसाने सांगितलं होतं. मी 'अरेरे' म्हणालो होतो.

प्रणिताने विचारलं, "सर, तुम्ही उघडली होती?"

"पुरानी बात है," मी म्हणालो.

"हौ, पण बात तो है ना," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

शुक्रवारी मी तुझ्या ओळीखाली लिहिलं. कोणी काय लिहिलं होतं, फिल्टर कुणी लावलं, सोमवारी कुणी वाचलं आणि कोण गप्प बसलं. प्रणिता शेजारी होती. म्हणाली, "एकदा सेव्ह केलं की काढता येत नाही, मालूम है ना?" मी सेव्ह केलं. ते त्या धाग्याला जोडलं गेलं, नर्सच्या वाक्यापासून त्र्याण्णव दवाखान्यांपर्यंतच्या. आता कुणीही त्या वाक्यावर बोट ठेवलं की वाटेत तू लागशील आणि तुझ्यानंतर मी. गेल्या मंगळवारपासून ती माझ्याबरोबर चहाला येत नाही. बरोबर आहे.

येत्या मंगळवारी मला वर बोलावलं आहे. माझं काय करायचं ते ठरवतील. तुझ्या फाइलवरचा शेरा काढायचा हे ठरलं आहे, कागद मी पाहिला. कंपनीचं पत्र बुधवारी निघेल. त्यात 'प्रक्रियेतील त्रुटी' असे शब्द आहेत. ते तुझ्या हाती पडण्याआधी हे पडावं, म्हणून स्पीड पोस्टने पाठवतो आहे. त्रुटी गुरुवारी झाली. सोमवारी जे झालं त्याला त्रुटी म्हणू देऊ नकोस, त्यांना नाही आणि मलाही नाही.

माफी मागत नाही. मागितली की देण्याचं ओझं तुझ्यावर येतं, आणि माझी ओझी तू पुरेशी वाहिली आहेस. उत्तराची वाट पाहण्याचा हक्क मला नाही. वाट मात्र पाहीन.

कोंडाबाईंना सांग, त्यांच्या मुलाने लिहिलं होतं.

तुझी ओळ वाचून शीट बंद केलेला,
हर्षवर्धन